दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"अमुक विमानतळापासून तमुक विमानतळ किती लांब आणि किती तासांत पोहोचतो?" असं विचारणारे बहुतेक जण एकाच आकड्याची अपेक्षा ठेवतात. अंतराचा एक आकडा सांगता येतो, वेळेचा मात्र नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, पुढे पुढे गुंता वाढत जातो.

१. दोन विमानतळांमधलं "अंतर" म्हणजे नेमकं कोणतं अंतर?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांना जोडणारा दोरा ताणून धरा. तो जिथून जाईल तो मार्ग बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा असतो. अंतर सांगणारी जवळजवळ सगळी साधनं हीच लांबी देतात. विमान प्रत्यक्षात किती किलोमीटर उडलं, हा आकडा वेगळा असतो आणि रोज बदलतो (प्र. ११ पाहा).

२. एकाच जोडीचं अंतर तीन ठिकाणी तीन वेगळं दिसतं. खरं कोणतं?

बहुतेक वेळा तिन्ही खरी असतात, मोजमाप वेगळं असतं. पहिली शक्यता एककाची. मैल म्हटलं की जमिनीवरचा मैल १.६०९ किमीचा, पण वैमानिकांचा सागरी मैल म्हणजेच नॉटिकल मैल बरोबर १.८५२ किमीचा. दोहोंत १५ टक्क्यांचा फरक आहे. तो लक्षात आला नाही, तर लांबच्या प्रवासात हजार-दोन हजार किलोमीटरचा घोळ सहज होतो. आकड्याशेजारी एकक लिहिलेलं नसेल, तर त्यावर विसंबू नका.

दुसरी शक्यता पृथ्वीच्या आकाराची. सोप्या सूत्रात पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरतात. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या सुमारे ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी सुमारे ६,३५७ किमी भरते. हा चपटेपणा हिशेबात धरणारं सूत्र वापरलं की उत्तर साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत बदलू शकतं. दहा हजार किलोमीटरमागे पन्नासेक किलोमीटर इकडे-तिकडे झाले तरी प्रवाशाला त्यानं काही फरक पडत नाही.

तिसरी शक्यता म्हणजे कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. ज्या शहरांना एकाहून जास्त विमानतळ आहेत तिथे हे विशेष घडतं. टोकियोचे हानेदा आणि नारिता हे विमानतळ एकमेकांपासून बरेच दूर आहेत.

३. नकाशावर रेघ सरळ, मग विमान उत्तरेकडे वळसा घालून का जातं?

वळसा विमान घालत नाही, तो नकाशामुळे दिसतो. भिंतीवरचा नेहमीचा नकाशा मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीचा किंवा तिच्या जवळचा असतो. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश ताणून दाखवलेले असतात, म्हणून गोलावरची सर्वांत जवळची वाट कागदावर कमानीसारखी दिसते. टोकियोहून लॉस एंजेलिसला जाताना विमान जपानच्या ईशान्येला चढतं आणि उत्तर पॅसिफिकमधून उतरत्या वाटेनं कॅलिफोर्निया गाठतं. पृथ्वीगोल हातात घेऊन दोरा ताणला की शंका मिटते. घरात पृथ्वीगोल नसेल, तर टरबुजावरही जमतं.

४. अंतर मला स्वतः काढायचंय. काही सोपी पद्धत आहे का?

दोन्ही विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर असतील, तर गणित तोंडी होतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ ५९.६५ अंश उत्तरेला आणि केपटाउनचा ३३.९७ अंश दक्षिणेला आहे, आणि दोघांच्या रेखांशात एका अंशाचाही फरक नाही. एक उत्तर गोलार्धात आणि दुसरा दक्षिण गोलार्धात असल्यानं बेरीज करायची. ती ९३.६ अंश येते. त्याला १११ नं गुणलं की सुमारे १०,४०० किमी.

रेखांशाला हा नियम लावू नका. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किमीचा असतो, ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्मा होतो आणि ध्रुवावर शून्य. म्हणून तिरप्या जोड्यांसाठी हॅवरसाइन नावाचं त्रिकोणमितीचं सूत्र वापरावं लागतं. स्प्रेडशीटमध्ये ते दोन ओळींत बसतं.

चुकीची उत्तरं घेऊन येणाऱ्यांच्या बहुतेक चुका ठरलेल्या असतात. दक्षिण अक्षांश किंवा पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह राहून जातं. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल होते. अंश रेडियनमध्ये, म्हणजे सूत्राला लागणाऱ्या कोनाच्या एककात, बदलायचे राहतात. आणि १९ अंश ३० मिनिटं हे १९.५ ऐवजी १९.३० असे लिहिले जातात. ही शेवटची चूक फसवी आहे, कारण उत्तर साफ चुकीचं दिसत नाही, थोडंसंच सरकतं.

५. अंतर कळलं. आता वेळेचा अंदाज कसा काढू?

किलोमीटरना ८५० नं भागा आणि वर अर्धा तास घाला. मोठी जेट विमानं ध्वनीच्या ०.८५ पट वेगानं, म्हणजे 'माख ०.८५'नं उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी असतो. त्याचे ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किमी. ८५० धरायचं कारण म्हणजे विमान नेमक्या जवळच्या वाटेनं जात नाही. अर्धा तास चढण्या-उतरण्यातल्या कमी वेगासाठी आणि धावपट्टीपर्यंतच्या चालीसाठी.

पडताळून बघा. सिंगापूर ते न्यूयॉर्क सुमारे १५,३०० किमी. भागाकार १८, वर अर्धा तास, म्हणजे साडेअठरा तास. वेळापत्रकातही साडेअठरा-पावणेएकोणीस तासच असतात. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किमी, अंदाज सात तास. पण हा अंदाज दोन्ही दिशांची सरासरी देतो. एखाद्या दिशेचा नेमका वेळ हवा असेल, तर प्र. ७ वाचल्याशिवाय थांबू नका. दीड-दोन हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला हा नियम लावू नका. तिथे चढण्या-उतरण्याचा वाटा फार मोठा होतो.

६. तिकिटावर ११ तास २० मिनिटं, वैमानिक म्हणाला १० तास ३५, समोरच्या पडद्यावर तर १० तास २०. हे काय गौडबंगाल आहे?

तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून समोरच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. विमानवाले त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आलं, उतरल्यावर गेट मोकळं होण्याची वाट बघणं आलं आणि शिवाय कंपनीनं मुद्दाम ठेवलेली थोडी सवडही आली. ही सवड असते म्हणूनच कधी कधी अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोहोचल्याची घोषणा होते. वैमानिक सहसा चाकं जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंतचा, त्या दिवशीच्या वाऱ्यानुसार काढलेला वेळ सांगतो. पडद्यावरचा आकडा त्या क्षणाच्या वेगावरून आलेला असतो आणि पुढे वारा बदलला की तोही बदलतो.

पुढचं विमान पकडायचं असेल, तर तिकिटावरचाच वेळ धरा.

७. जाताना दहा तास, येताना बारा. वाट तीच, विमानही तेच. असं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

विमान हवेत उडतं आणि हवाच सरकत असते. दोन्ही गोलार्धांच्या मध्य अक्षांशांत साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, वेगवान झोतवारे असतात. यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीड-दोनशे किमी सहज असतो आणि हिवाळ्यात कधी कधी तीनशेच्या वर जातो. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातली तफावत हे त्यांचं मूळ. ही तफावत हिवाळ्यात वाढते, म्हणून तेव्हा वारेही जोरात असतात. लांब पल्ल्याची विमानं नेमकी याच उंचीवर उडतात.

आता हिशेब मांडा. अंतर ९,००० किमी, हवेतला वेग ताशी ९०० किमी. वारा नसेल तर दहा तास. पाठीमागून ताशी १५० किमीचा वारा असेल, तर जमिनीच्या तुलनेत वेग १,०५० होतो आणि वेळ ८ तास ३४ मिनिटं. तोच वारा समोरून आला तर वेग ७५० आणि वेळ बरोबर बारा तास. प्रत्यक्षात सगळी वाट झोतवाऱ्यातून जात नाही, म्हणून फरक इतका मोठा नसतो. तरी टोकियोहून लॉस एंजेलिसला दहा तासांच्या आसपास आणि परत येताना साडेअकरा-बारा तास, हे नेहमीचंच.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. तरीही त्यानं ध्वनीचा वेग ओलांडला नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं उडत होतं. ती हवाच लंडनकडे धावत होती.

जाता जाता एक गंमत. या वाऱ्यांची पद्धतशीर मोजणी जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून केली. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये अहवाल लिहिला तो एस्पेरांतो या जगासाठी घडवलेल्या कृत्रिम भाषेत! परिणाम उलटाच झाला, देशाबाहेर फारसं कुणी तो वाचलाच नाही.

८. हे पृथ्वी फिरत असल्यामुळे होतं ना? ती पूर्वेला फिरते, म्हणजे पश्चिमेला जाताना मुक्काम समोरून येतो.

नाही. तसं असतं तर पश्चिमेचा प्रवास लवकर संपायला हवा होता, आणि अनुभव उलटा आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगानं फिरते, पण तिच्यासोबत हवा आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही फिरत असतं. धावत्या आगगाडीच्या डब्यात उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आडून येतो. ध्रुवाकडे निघालेली हवा त्यामुळे पूर्वेकडे वळते आणि झोतवारे पश्चिम-पूर्व वाहू लागतात.

९. मग जाणं-येणं मिळून वाऱ्याचा हिशेब फिटतो, बरोबर?

फिटत नाही. प्र. ७ मधलेच आकडे घ्या. वाऱ्याविना जाणं-येणं वीस तास. वारा असताना ८ तास ३४ मिनिटं आणि १२ तास मिळून २० तास ३४ मिनिटं. समोरचा वारा जितका वेळ खातो तितका पाठीमागचा परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेले असतो. म्हणूनच वैमानिक एका दिशेला झोतवारा शोधत जातात आणि दुसऱ्या दिशेला त्याला टाळत जातात.

१०. म्हणजे लांबच्या वाटेनं गेल्यावर लवकर पोहोचता येतं?

येतं, आणि त्याचं ठळक उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. एअर इंडियाची विमानं ही वाट अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेला तोंड करून, सुमारे १३,९०० किमीची करत असत. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशा फिरवून पॅसिफिकवरून जायचं ठरवलं. वाट सुमारे १५,३०० किमीची झाली, म्हणजे चौदाशे किलोमीटरनं वाढली. पण वारा पाठीशी आला आणि विमान साडेचौदा तासांच्या आसपास पोहोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर.

अंतराचे तक्ते बघून वेळ ठरवणाऱ्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी.

११. वारा सोडला तरी विमान सर्वांत जवळच्या वाटेनं का जात नाही?

कारणं बरीच आहेत, आणि जोडीनुसार त्यांचं वजन बदलतं.

बंद आकाश हे आजचं सगळ्यात मोठं कारण. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश अनेक देशांच्या विमान कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी–टोकियो हा प्रवास पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास व्हायचा, आता तेरा तासांच्या आसपास होतो. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत. अंतराच्या तक्त्यात एका किलोमीटरचाही फरक पडलेला नाही. एकाच जोडीवर दोन कंपन्यांच्या वेळांत मोठा फरक दिसला, तर आधी हे कारण तपासा.

डोंगर हे दुसरं कारण. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या वर आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर सुमारे दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटरवर उतरावं लागतं, आणि इथे जमीनच त्याहून वर आहे. प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू मोजक्याच मिनिटांचा असतो. म्हणून बहुतेक विमानं हा भाग टाळतात किंवा सुटकेच्या ठरलेल्या वाटांनीच जातात.

समुद्र आणि ओसाड प्रदेश हे तिसरं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर ठरावीक वेळात एखाद्या विमानतळाला पोहोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. ही मर्यादा विमान आणि कंपनीनुसार बदलते. १८० मिनिटं नेहमीची, ३३० मिनिटांचीही परवानगी मिळते. दक्षिण गोलार्धातल्या लांब वाटांना, उदाहरणार्थ सिडनी–सँटियागोला, अंटार्क्टिकाकडे किती झुकता येईल ते यावरून ठरतं.

ध्रुवावरून जाताना इंधनाच्या तापमानावरही डोळा ठेवावा लागतो, कारण जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस आहे. आणि अटलांटिकवर तर रोजच्या वाऱ्यानुसार नव्या हवाई वाटा आखून दिल्या जातात. कालचं विमान गेलं त्या वाटेनं आजचं जाईलच असं नाही.

१२. विमान अकरा किलोमीटर वर उडतं. त्यामुळे अंतर वाढत नाही का?

वाढतं, पण ०.१७ टक्के. दहा हजार किलोमीटरमागे सतरा किलोमीटर, म्हणजे जेमतेम एक मिनिट.

१३. संध्याकाळी पाचला निघालो आणि त्याच दिवशी सकाळी दहाला पोहोचलो. प्रवास उणे सात तासांचा?

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. खरा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणा आणि मगच वजाबाकी करा. टोकियो नऊ तास पुढे, म्हणजे संध्याकाळचे पाच हे जागतिक वेळेचे सकाळचे आठ. लॉस एंजेलिस हिवाळ्यात आठ तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे दहा हे जागतिक वेळेचे संध्याकाळचे सहा. आठ ते सहा, दहा तास. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली म्हणून तारीख मागे आली. १ जानेवारीला निघून ३१ डिसेंबरला उतरणाऱ्या प्रवाशांचंही गुपित एवढंच.

सगळेच फरक पूर्ण तासांचे नसतात, हेही ध्यानात ठेवा. भारत साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा.

१४. हिशेब बरोबर केला, तरी उत्तर एका तासानं चुकतं. का?

बहुधा उन्हाळी वेळेमुळे. काही देश उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, आणि दोन गोलार्धांतले उन्हाळे उलट महिन्यांत येतात. म्हणून सिडनी आणि लंडन यांच्यातला फरक वर्षभरात कधी नऊ तास, कधी अकरा, आणि मधल्या थोड्या आठवड्यांत दहा तास असतो. प्रवासाच्या तारखेला लागू असलेला फरकच घ्या, आज घड्याळात दिसणारा नको.

१५. 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' एकच ना?

नाही. नॉनस्टॉप विमान मधे कुठेही उतरत नाही. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक एकच, पण मधे थांबा असू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं सिडनी–लंडन विमान, क्यूएफ १, सिंगापूरला थांबतं. तिकीट काढताना थांब्यांचा रकाना बघा, शब्दावर जाऊ नका.

१६. मधे थांबा घेतला तर अंतर किती वाढतं?

थांबा वाटेवर असेल तर फारच थोडं. लंडन–सिंगापूर सुमारे १०,९०० किमी आणि सिंगापूर–सिडनी सुमारे ६,३००, मिळून १७,२००. थेट अंतर सुमारे १७,०००. वाढतो तो वेळ, कारण थांब्यावरचे तास त्यात मिळतात. थांब्याचं विमानतळ किती वाकडं आहे हे याच पद्धतीनं तपासता येतं. बेरीज थेट अंतराच्या सव्वापटीपेक्षा जास्त आली, तर मी दुसरा पर्याय शोधतो.

१७. कोणत्याही दोन विमानतळांमधे थेट उडता येईल का?

पृथ्वीवर दोन ठिकाणांमधलं जास्तीत जास्त अंतर परिघाच्या निम्मं, म्हणजे सुमारे २०,००० किमी. इतक्या लांबच्या जोड्या अजून प्रवासी विमानांच्या आवाक्याबाहेर आहेत. इंधन जास्त घेतलं की विमान जड होतं, आणि ते जास्तीचं इंधन वाहून नेण्यातच आणखी इंधन जळतं. २०१९ मध्ये क्वांटासनं मोजकीच माणसं घेऊन चाचणी उड्डाणं केली. न्यूयॉर्क ते सिडनीला १९ तास १६ मिनिटं लागली, लंडन ते सिडनीला १९ तास १९ मिनिटं. दुसरी वाट जवळपास हजार किलोमीटरनं लांब आहे, तरी वेळ तीनच मिनिटांनी जास्त. कारण प्र. ७ मध्ये आहे.

१८. उशिरा सुटलेलं विमान जोरात उडवून वेळ भरून काढता येतो का?

थोडासा. नेहमीचा वेग आधीच ध्वनीच्या वेगाच्या इतका जवळ असतो की वर फारशी जागा उरत नाही. दोन टक्के वेग वाढवला, तर दहा तासांत बाराएक मिनिटं वाचतात आणि इंधन मात्र बरंच जास्त जळतं. जास्त वेळ वाचतो तो आधीपासून ठेवलेल्या सवडीतून (प्र. ६).

१९. सगळं नीट भरलं, तरी अंतर भलतंच येतंय.

शहराचं नाव तपासा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि चुकीच्या सिडनीचं तिकीट काढून तिथे उतरलेले प्रवासी खरोखर आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही त्याच नावाची आहे. शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा कोड एसवायडी, कॅनडातल्या सिडनीचा वायक्यूवाय.